उजवा दिवा

"पुन्हा लावा," निरीक्षक म्हणाले.

मी दिव्यांचं बटण ओढलं. सरकारी विश्रामगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, समोरच्या चुना फासलेल्या भिंतीवर दोन उजेड पडले. बाहेर रखरखीत ऊन होतं. पण दारावर ताडपत्री सोडल्यामुळे आत अंधार होता.

"आता उतरा आणि तुम्हीच बघा."

मी उतरून त्यांच्याशेजारी उभी राहिले. डाव्या दिव्याचा उजेड भिंतीवर खाली आणि डावीकडे पसरला होता. उजव्याचा तिरपा वर चढून उजवीकडे गेला होता.

"डावा बरोबर आहे. उजवा समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातोय," ते म्हणाले. "आणि तो वाकवून, फिरवून सरळ होणार नाही. काचच वेगळी आहे. ज्या देशात उजव्या बाजूनं गाड्या चालवतात तिकडचा दिवा आहे हा. जुन्या बाजारातनं आणून बसवलाय कुणीतरी."

"असं कसं होईल? गाडी नवी घेतली तेव्हापासून आमच्याच घरी आहे."

"मग घरी विचारा, बाई. पासिंग नाही होणार."

आमच्या फियाटला पंधरा वर्षं झाली होती, आणि पुढं चालवायची तर तपासणी करून फेरनोंदणी करणं भाग होतं. महिन्यातून एकदा आरटीओचे लोक आमच्या तालुक्याच्या गावी कँप घेत. मला दूरच्या एका कॉलेजात मराठीची प्राध्यापक म्हणून नेमणूक मिळाली होती. नाना म्हणाले होते, "गाडी तू घेऊन जा. माझे डोळे आता गाडीचे राहिले नाहीत." तपासणीला मेकॅनिकला पाठव, असं त्यांनी सांगितलं होतं. मीच हट्टानं स्वतः घेऊन आले होते. गावात गाडी चालवणारी मी एकटी मुलगी, त्याचाही थोडा तोरा होता.

निरीक्षकांनी कागद चाळले आणि एका नावाशी थांबले.

"रामचंद्र सासवडे. म्हणजे आपले हेडमास्तर?"

"मी त्यांची मुलगी."

ते जरा सावरून उभे राहिले. "मी विद्यार्थी त्यांचा. आठवीत गणितात मला अर्ध्या मार्कानं नापास केलं होतं सरांनी. वडील विनवायला गेले, तर म्हणाले, हा अर्धा मार्क मी आज दिला, तर तुमचा मुलगा जन्मभर तो कुणाकुणाकडे मागत फिरेल." ते हसले. "सरांची गाडी आहे म्हणूनच डोळेझाक करत नाही मी. त्यांनाच आवडायचं नाही ते. दिवा बदला आणि पुढच्या कँपला आणा. सरांना माझा नमस्कार सांगा."

गाडी नापास झाली होती, तरी शेडमधून बाहेर पडताना मला बरंच वाटत होतं. नानांची मुलगी असणं म्हणजे काय, हे असं अधूनमधून कुणीतरी सांगून जायचं.

मी तशीच रज्जाकभाईंच्या गॅरेजात गेले. आमच्या गाडीला पहिल्यापासून त्यांचाच हात होता. ते एका जीपखालून सरकत बाहेर आले आणि लुंगीला हात पुसत म्हणाले, "झाली का पास?"

"तुम्ही दिवा भलताच बसवलाय म्हणे, रज्जाकभाई. उजवा."

ते दिव्यापाशी आले, पण वाकून बघितलं नाही.

"तो मी नाही बसवला, ताई."

"मग कुणी?"

"पुण्याला बसवलाय. चार वर्षं झाली. दिवाळीनंतर नाना गाडी घेऊन पुण्याला गेले होते, येताना पुढचा भाग रंगवून आणला. मी म्हटलं, नाना, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, तिकडं ओळखीचं होतं कुणीतरी." त्यांनी उजव्या मडगार्डवर बोटाच्या पेरानं ठोकलं. आवाज बद्द आला. डाव्या बाजूला ठोकलं, तो टणक. "इथं पत्रा ठोकून पुट्टी भरलीय. सर्व्हिसिंगला गाडी यायची तेव्हा मला दिसायचं. मी विचारलं नाही."

"का?"

"नानांना कोण विचारणार?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ताई, दिवा मी मागवून बसवतो. तुम्ही घरी जा. आणि हे काही घरी काढत बसू नका."

तोपर्यंत माझ्या मनात काहीही आलेलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते, तर आलंही नसतं.

गाडी तिथंच सोडून मी चालत निघाले. चार वर्षांपूर्वीची दिवाळी. मी पुण्याला एम.ए.ला होते. सुट्टी संपवून परत गेले आणि लगेचच्याच आठवड्यात नाना अचानक होस्टेलवर आले. एस.टी.नं आलो म्हणाले. मला बाहेर जेवायला घेऊन गेले आणि ताट समोर आल्यावर म्हणाले, "नलू, एक वाईट बातमी आहे. तांबट गेले."

तांबट म्हणजे आमच्या गावचे पोस्टमन. त्यांची शालन बालवाडीपासूनची माझी मैत्रीण. मी अर्धी त्यांच्याच घरात वाढले. संध्याकाळचे लांबच्या वाडीवर मनिऑर्डर देऊन सायकलीनं परतत होते आणि कालव्याच्या रस्त्यावर कुठल्यातरी गाडीनं उडवलं. रात्रभर कुणाला कळलं नाही. सकाळी ऊसतोडणीवाल्यांना ते चरात पडलेले दिसले. उसाचा ट्रक असेल, असं सगळे म्हणत होते. हे सगळं नानांनीच मला सांगितलं. मी खाणावळीत सगळ्यांदेखत रडायला लागले आणि ते माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले. "मी आहे ना," म्हणाले, "त्या घराला मी उघडं पडू देणार नाही."

आणि पडू दिलंही नाही. महिन्याभरात शालन शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. तिच्या धाकट्या भावाला बोर्डिंगात जागा मिळाली. आख्खं गाव नानांचं नाव घेत होतं. मी तर होस्टेलवर सगळ्या मुलींना सांगत सुटले होते, माझे वडील कसे आहेत ते.

ते एस.टी.नं आले नव्हते. गाडी पुण्यातच कुठंतरी रंगत होती.

घरी पोचले तेव्हा नाना आणि आई मागच्या पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दोघांच्या मध्ये सूप. नानांनी मान वर केली.

"झालं काम?"

"नाही. नापास झाली."

"का?"

"उजवा दिवा."

त्यांच्या चिमटीतली शेंग फुटली नाही. ती त्यांनी हळूच सुपात परत ठेवली. आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा पडला. त्या दोन क्षणांत मला सगळं कळलं. पुढचं नुसतं बोलायचं म्हणून बोलणं होतं.

"तांबटकाका?" मी म्हटलं.

आईच आधी बोलली. "मी रोज सांगत होते. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही. रोज सांगत होते गं मी."

"तू गप्प बस," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. वर्गात बोलायचे तसाच होता. "समोरून ट्रॅक्टर आला. त्याच्या उजेडात काही दिसेना. मी डावीकडे घेतली, तो गेल्यावर परत उजवीकडे. त्याच्यामागून येणारी सायकल दिसलीच नाही मला."

"आणि मग?"

"मग थांबलो."

"उतरलात?"

"उतरलो."

"नाना, ते जिवंत होते?"

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसायला लागले. पुसून झाल्या तरी पुसत राहिले.

"मी विचारतेय काहीतरी."

"हाक मारली त्यानं," ते म्हणाले.

"काय हाक मारली?"

"नुसतं 'सर' म्हणाला."

आई तोंडावर पदर धरून आत निघून गेली. मला वाटतं, एवढं तिलाही ठाऊक नव्हतं.

"आणि तुम्ही गाडीत बसलात?"

"दुसऱ्या दिवशी मान्यतेची समिती येणार होती. अकरावी-बारावीचे वर्ग. दहा वर्षं मी त्यासाठी झिजलो होतो. तो हेडमास्तर रात्री पोलीस चौकीत बसलेला असता, तर वर्ग मिळाले असते? मुलींना बारावीला बाहेरगावी कोण पाठवत होतं? किती जणी शिकल्या त्यानंतर, मोज." ते थांबले. "तो वाचला नसता. मला दिसत होतं ते."

"तुम्हाला सायकल दिसली नाही. हे बरं दिसलं."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"उठा. पोलीस स्टेशनला चला."

"मी नाही येणार."

"मग मी जाते."

"जा," ते म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "मी तुला अडवणार नाही. पण आधी शालनकडे जा. जे सांगायचं ते तिला सांग. ती म्हणाली तर पुढं जा."

हे ते इतक्या शांतपणे का म्हणाले, ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, अजूनही यांच्यात ते जुने नाना थोडे शिल्लक आहेत.

तांबटांचं घर पोस्टाच्या मागच्या गल्लीत होतं. शालन नुकतीच शाळेतून आली होती. चुलीवर चहाचं आधण होतं. तिची आई पलीकडे खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नवरा गेल्यापासून ती माउली फारशी उठत नसे.

"अगं, ये ना. कधी जाणार तू? गाडी घेऊन जाणार म्हणे बाईसाहेब." शालननं दुसरा कप काढला.

"शालन, बाहेर ये जरा. बोलायचंय."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. वाळत घातलेल्या लुगड्याच्या आडोशाला मी उभी राहिले. घरापासून इथपर्यंत मनात वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना.

"काकांना..." मी म्हटलं. "त्या दिवशी काकांना ज्या गाडीनं..."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू कोरडा होत गेला.

"तुला आत्ता कळलं?" ती म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"मला वाटायचं, तुला पहिल्यापासून ठाऊक असणार. म्हणून तर तुला पत्रं लिहायची बंद केली मी."

"शालन, शपथ घेऊन सांगते..."

"शपथ कशाला घेतेस? खरं बोलतेस ते दिसतंय." ती दोरीवरचं लुगडं काढून घडी घालायला लागली. "पोलिसांनी बाबांचं सामान परत दिलं ना, त्यात पोस्टाची पिशवी होती. तिच्या तळाशी जाड काचेचा तुकडा होता, रेघारेघांचा. आणि तुमची गाडी आठवडाभर दिसेना. गावात तेव्हा फियाट किती होत्या? तुमची आणि डॉक्टरांची. डॉक्टरांची रोज दिसत होती. त्यातून दहावाही झाला नाही तोवर सर घरी येऊन माझ्या नोकरीचं बोलले. आई म्हणाली, हा माणूस एवढं का देतोय?"

"मग तुम्ही..."

"काय करायचं होतं? सांग ना. तू शिकलीस पुण्याला. पोलिसात जायचं? सरांविरुद्ध? गावात कुणी उभं राहिलं असतं आमच्याबरोबर? तू राहिली असतीस?"

"राहिले असते."

"आत्ता म्हणतेस." घडी चुकली म्हणून तिनं लुगडं झटकून पुन्हा धरलं. "आईनं तो तुकडा माझ्यादेखत कालव्यात टाकला. म्हणाली, उद्यापासून शाळेत जा. मी गेले. रोज सकाळी सरांना नमस्कार करते. तेही रोज करतात. कधीकधी वाटतं, त्यांना ठाऊक आहे आम्हाला ठाऊक आहे ते. त्याशिवाय माणूस असं बघत नाही."

"मी पोलिसात जाणार आहे," मी म्हटलं. "नानांनीच सांगितलं, तुला विचारून जा म्हणून."

शालन हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"हुशार आहेत सर. मी काय म्हणणार ते त्यांना पाठ असणार. नलू, भाऊ बारावीला आहे. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तू चौकीत जाशील, दोन दिवस गाव बोलेल, आणि तू तुझ्या कॉलेजात निघून जाशील. आम्ही कुठं जायचं? संस्थेतले लोक मला ठेवतील? बाबा परत यायचे नाहीत. तुला मोकळं वाटेल, एवढंच होईल."

मला राग यायला हवा होता, पण कुणाचा ते ठरेना. 

"जाऊ नकोस," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून जाऊ नकोस. मी एकच गोष्ट धरून बसलेय. बाबा जागीच गेले. डॉक्टरांनी आईला तसं सांगितलं, त्रास झाला नाही म्हणून. ते रात्रभर तिथं तळमळत पडले असते, तर मला त्या माणसाला नमस्कार करता आला नसता. एक दिवससुद्धा नाही. पण ते गेले होते. मेलेल्या माणसाला सोडून गेले सर. ते मी गिळलं."

मी तोंड उघडलं. 'सर' एवढाच तो शब्द होता. जिभेवर आला आणि तिथंच राहिला.

"काय?" शालननं विचारलं.

"काही नाही. चहा उतू जाईल तुझा."

चहा न घेताच मी परत आले. नाना पडवीतच बसले होते. शेंगा फोडून झाल्या होत्या, दाणे डब्यात भरले होते आणि ते टरफलं गोळा करत होते. त्यांनी काही विचारलं नाही. मला ज्याची चीड आली ती त्याची. विचारायची गरजच त्यांना वाटली नाही.

पुढच्या कँपला रज्जाकभाईंनी गाडी नेली. पास झाली. निरीक्षकांनी पुन्हा सरांना नमस्कार सांगितला म्हणे. मी त्याआधीच एस.टी.नं नोकरीच्या गावी निघून गेले होते. "गाडी का नेली नाहीस?" असं गावात विचारायचे, तेव्हा आई सांगायची, तिला घाटाची भीती वाटते.

मी तिकडंच लग्न केलं. लग्नाला नाना आले, अक्षता टाकल्या, जेवणाआधी गेले. दिवाळीला मी कधी गावी गेले नाही. आईच्या आजारपणात गेले, ती गेली तेव्हा गेले. नाना आणि मी हवापाण्याचं बोलायचो. एकदाच, आईच्या तेराव्यानंतर, ते म्हणाले, "शालन बी.एड. झाली. पहिल्या वर्गात." मी म्हटलं, "बरं झालं." ते आणखी काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

नाना पंच्याऐंशी वर्षांचे होऊन, झोपेत, काही त्रास न होता गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. सभागृहाला त्यांचं नाव आधीच दिलेलं होतं. उभं राहायला जागा नव्हती. बारावी शिकून नर्स झालेल्या, मास्तरीण झालेल्या, एक तहसीलदार झालेली, अशा किती बायका डोळे पुसत बसल्या होत्या. नानांनी मला मोजायला सांगितलं होतं, ते तेव्हा आठवलं. मी मोजल्या नाहीत.

शेवटी मुख्याध्यापिका बोलायला उठल्या. मुख्याध्यापिका म्हणजे शालन. केस पांढरे झाले होते, काठापदराची साडी, हातात कागद नव्हता.

"माझे वडील गेले," ती म्हणाली, "तेव्हा या गावात सर्वांत आधी आमच्या दारात कोण आलं असेल, तर सर आले. आम्हाला काही कळायच्या आत आले. आज मी इथं उभी आहे ती त्यांच्यामुळं. माझ्या घरात जे घडलं ते सगळं त्यांच्यामुळं घडलं. हे मी कधी विसरले नाही आणि विसरणार नाही."

सभागृहात हुंदके ऐकू येत होते. पहिल्या रांगेत बसून मी तो शब्द न् शब्द ऐकला. त्यात एकही खोटा नव्हता.

सभा संपल्यावर तिनं मला आपल्या खोलीत नेलं. दार लोटलं. पूर्वी नाना बसायचे ती ही खोली. ती खुर्चीत बसली नाही. माझ्यासमोर बाकावर बसली.

"त्या दिवशी तू काहीतरी बोलणार होतीस," ती म्हणाली. "अंगणात. तोंड उघडलंस आणि मिटलंस. माझ्या ते डोक्यातनं गेलं नाही कधी. आता आई नाही. सरही नाहीत. नोकरीसुद्धा संपत आली माझी. आता कुणाचं काही बिघडत नाही. सांग."

"काही नव्हतं गं."

"नलू."

"खरंच. सगळं तुला ठाऊकच होतं. मी नवीन काय सांगणार?"

"बाबा जागीच गेले ना?"

"हो," मी म्हटलं. "जागीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर खुर्च्या आवरल्याचे आवाज येत होते. कुणीतरी दारावर टकटक करून "मॅडम, पाहुणे निघालेत" म्हणालं.

"तुमच्या घरात खोटं सगळ्यांनाच छान बोलता येतं," शालन म्हणाली.

ती उठली, पदर सारखा केला आणि पाहुण्यांना निरोप द्यायला बाहेर गेली.